रुसलेला टप

‘टप’ हा शब्द आता आपल्याकडे जवळजवळ एस.टी.पुरताच उरला आहे. बोचकी टपावर टाकायची, जत्रेच्या दिवसांत माणसंही टपावर चढायची, एवढंच. पण पूर्वी टप म्हणजे घोडागाडीचं दुमडता येणारं छप्पर. ऊन लागलं की टप चढवायचा, संध्याकाळी चौपाटीवर वारा खायचा असला की टप पाडायचा. मुंबईच्या व्हिक्टोरियाचा टप आमच्या पिढीने पाहिला आहे. वर जाड काळं आच्छादन, आत लोखंडी कमानी. गाडीवान एका हाताने तो मागे ढकलून देई. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतंच. आच्छादन फाटलं तर शिवायचं, बिजागरी करकरली तर तेल घालायचं.

मोटारीच्या बाबतीत मात्र हा टप पुढे फार शिकला, आणि शिकलेली माणसं रुसतात तसा रुसायलाही लागला. ज्या गाडीला कन्व्हर्टिबल म्हणतात तिचा टप बटण दाबलं की आपोआप उघडतो आणि मिटतो. आणि एखाद्या दिवशी बटण कितीही दाबलं तरी जागचा हलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तरांनी आयुष्यभर पोरांना शिवकाल आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवली, त्यांना हे मोटारीचं खूळ कुठून लागलं? कारण सांगतो. ‘टप का हलत नाही?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर दर पिढीत बदलत गेलं आहे. हाताने चालणारा टप, हवेच्या जोरावर चालणारा, तेलाच्या दाबावर चालणारा, मग विजेवर आणि शेवटी संगणकाच्या परवानगीने चालणारा. प्रत्येकाच्या दुखण्याचं निदान वेगळं. ही निदानं ओळीने मांडली की यंत्रांचा शंभर वर्षांचा इतिहासच समोर उभा राहतो. आणि हो, या इतिहासाने माझ्या घरातल्या एका माणसाचे पैसेही वाचवले. ते पुढे येईलच.

तर सुरुवात घोडागाडीपासून. युरोपात ‘लँडाऊ’ नावाची एक बग्गी होती, जर्मनीतल्या लँडाऊ गावावरून हे नाव पडलं. तिचा टप दोन भागांत असे, अर्धा पुढे आणि अर्धा मागे दुमडायचा. त्याला ताण देण्यासाठी दोन्ही बाजूंना इंग्रजी एस अक्षरासारखे वळणदार लोखंडी दांडे असत, मध्ये बिजागरी. हा दांडा सरळ केला की टप ताठ, मोडला की टप खाली. गंमत अशी की पुढे न दुमडणाऱ्या गाड्यांवरही हे दांडे नुसती शोभा म्हणून लावले गेले. अमेरिकेत प्रेतं नेणाऱ्या गाड्यांच्या बाजूला चंदेरी वळणदार पट्टी दिसते, ती हीच. काम संपलं तरी खूण मागे राहते, हा इतिहासाचा जुनाच नियम!

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या, त्यामुळे त्या उघड्याच असत. बंद गाडी ही श्रीमंतांची चैन होती. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने आपल्या पुस्तकात याचे आकडे दिले आहेत. १९१९ साली अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींत बंद गाड्या जेमतेम १० टक्के होत्या, १९२४ साली ४३ टक्के झाल्या आणि १९२७ साली ८५ टक्के. आठ वर्षांत चित्र उलटंपालटं झालं. एकदा लोकांना पावसात कोरडं बसायची सवय लागली की उघडी गाडी ही गरज न राहता हौस बनते. आणि हौसेच्या वस्तूसाठी माणूस कष्ट करायला तयार नसतो. पाऊस आला म्हणून रस्त्याच्या कडेला थांबायचं, खाली उतरायचं, टप ओढायचा, खिळे अडकवायचे, बाजूचे पडदे लावायचे… तोवर आतली मंडळी चिंब. उघड्या गाडीला जगायचं असेल तर टपाने स्वतःच हलायला शिकणं भाग होतं.

यावरचा पहिला मोठा इलाज एका दंतवैद्याने शोधला. जॉर्ज पोलँ, जन्म १९०२, पॅरिसचा. व्यवसायाने दाताचा डॉक्टर, पण जीव मोटारींच्या आकारांत गुंतलेला. त्याने कापडी टपाचा नादच सोडला. त्याचं म्हणणं असं की, छप्पर पत्र्याचंच, एकसंध ठेवा आणि ते अख्खंच्या अख्खं मागच्या डिकीत सरकवा. त्यासाठी डिकीचं झाकण नेहमीसारखं न उघडता मागच्या टोकाशी बिजागरी ठेवून उलटं उघडलं, छप्पर आत गेलं, झाकण पुन्हा बसलं. मला आपलं उगीच वाटतं की, दिवसभर लोकांचे जबडे उघडताना-मिटताना पाहणाऱ्या माणसालाच हे सुचायचं. १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच त्याने याचं पेटंट घेतलं. मार्सेल पुर्तू हा बॉडी बांधणारा कारागीर आणि एमिल दार्लमा हा पॅरिसमधला प्युजोचा विक्रेता, या दोघांच्या साथीने १९३४ पासून प्युजो गाड्यांवर हे छप्पर येऊ लागलं. नाव ठेवलं ‘एक्लिप्स’, म्हणजे ग्रहण. १९३५ सालच्या प्युजो ४०२ एक्लिप्सवर तर ते विजेच्या मोटरने हलत होतं.

पण १९३६ साली प्युजोने लांब केलेल्या गाडीवर वीज काढून टाकली आणि छप्पर हाताने हलवायची सोय दिली. म्हणजे ‘आपोआप’च्या इतिहासात पहिल्याच वर्षा-दोन वर्षांत एक पाऊल मागे! हे लक्षात ठेवा, कारण पुढे ऐंशी वर्षांनी पुन्हा तसंच काहीसं घडणार आहे.

पोलँची गोष्ट मात्र मोटारीपाशी संपत नाही. १९४० साली जर्मनांनी पॅरिस घेतलं तेव्हा हा माणूस ब्रिटिश गुप्तहेर खात्यासाठी काम करू लागला. पकडला गेला. २१ मार्च १९४२ रोजी पॅरिसजवळच्या माँ व्हालेरियाँच्या किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी झाक केलनेर या दुसऱ्या नामांकित बॉडी बांधणाऱ्यालाही मारलं. पोलँ तेव्हा चाळीस वर्षांचाही नव्हता. वर्गात दुसरं महायुद्ध शिकवताना मी हिटलर, चर्चिल, स्टालिन सांगत आलो. आता वाटतं, एखाद्या तासाला या दंतवैद्याचंही नाव घ्यायला हवं होतं. युद्ध नकाशावर चालतं तसं अशा माणसांच्या टेबलांवरही चालतं. टेबलावर अर्धवट रेखाटन तसंच राहतं आणि माणूस परत येत नाही.

असो. अटलांटिकच्या पलीकडे १९३९ साली प्लिमथ कंपनीने कापडी टपालाच शक्ती द्यायचं ठरवलं. पुढच्या बाकामागे दोन सिलिंडर बसवले आणि इंजिन हवा ओढून घेताना नळीत जी पोकळी तयार होते, तिच्या जोरावर टप हलवला. सामान्य माणसाच्या खिशाला झेपणाऱ्या गाडीवर शक्तीने चालणारा टप आला तो असा.

या टपाचं निदान सोपं. टप हलत नाही ना? मग पहिला प्रश्न, इंजिन चालू आहे का? इंजिन बंद तर पोकळी नाही, पोकळी नाही तर जोर नाही. इंजिन चालू असूनही हलत नसेल तर रबराच्या नळ्यांवरून हात फिरवायचा. कुठेतरी चीर गेलेली असते आणि तिथून सूं सूं आवाज येतो. बुलबुलतरंग वाजवणाऱ्याला तार कुठे सैल आहे ते कानाने कळतं, तसंच हे. दुखणं एकच, जोर गळतोय.

युद्धानंतर अमेरिकेत तेलाचा जमाना आला. विजेची मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबतो, तेल दोन बाजूंच्या दोन सिलिंडरांत जातं आणि दट्टे टप उचलतात. पुढे मोटर उलटी फिरली की तेल उलट दिशेने जातं आणि टप खाली येतो. आजही कित्येक कन्व्हर्टिबलमध्ये तत्त्व हेच आहे. जनरल मोटर्सच्या काही महागड्या गाड्यांत तर टप, खिडक्या आणि बाकसुद्धा एकाच तेलावर हलत. तेल कुठलं, तर ब्रेकचं. आता ब्रेकचं तेल रंग खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे नळी गळली की दाराचा रंग गेला, गादी गेली, आणि आत सिलिंडर गंजले. नंतरच्या गाड्यांत वेगळी तेलं आली. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला जाणकार आधी बजावतात, पुस्तकात लिहिलेलं तेलच घाला, हाताला लागेल ते नको.

या टपाचं निदान कानाने सुरू होतं. बटण दाबा आणि ऐका. मोटर गुणगुणते आहे पण टप हलत नाही, म्हणजे वीज ठीक आहे, दुखणं पुढे आहे. तेल कमी झालं असेल, पंप झिजला असेल, किंवा समोरच्या काचेवरची कडी सोडायचीच राहिली असेल! टप एकीकडे उचलला जातोय आणि दुसरीकडे नाही, म्हणजे एक सिलिंडर गळतोय किंवा नळीत हवा आहे. अशा वेळी बटण दाबत राहिलं तर सांगाडाच पिळवटतो. आणि बटण दाबल्यावर अजिबात आवाज नाही, म्हणजे दुखणं विजेचं. मग बॅटरी, फ्यूज, बटण, रिले, जमिनीची तार, आणि सगळ्यांत शेवटी मोटर.

यात एक शहाणपण आहे आणि ते मला मास्तर म्हणून फार आवडलं. मोटरच्या तोंडाशी मीटर लावायचा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगायचं. तिथे पुरते बारा व्होल्ट येत असतील, जमिनीची तारही चांगली असेल, आणि तरी मोटर फिरत नसेल, तर दोष मोटरचाच. व्होल्ट येतच नसतील तर मोटर निर्दोष, दोष मागे कुठेतरी. एका मोजणीत अर्ध्या गाडीला निर्दोष सोडता येतं. परीक्षेत कॉपीचा आळ आला की मी आधी ‘हा मुलगा त्या बाकावर बसूच शकत होता का?’ हे पाहत असे, तसंच हे. आळ घ्यायच्या आधी अर्धे लोक घरी पाठवावेत.

आता १९५१ साल. हार्ले अर्ल हा जनरल मोटर्सचा नामांकित रचनाकार. त्याने ‘ल सेबर’ नावाची एकच प्रायोगिक गाडी केली. तिच्या आत ओल ओळखणारी एक चकती बसवली होती. गाडी उघडी ठेवून मालक कुठे गेला आणि पाऊस आला, तर टप आपणहून बंद व्हायचा. इथे एक मोठी गोष्ट घडली होती. टपाला नुसते हात नव्हते, ज्ञानेंद्रिय मिळालं होतं.

आणि ज्ञानेंद्रियांचा पूर आला तो १९५७ साली, फोर्डच्या फेअरलेन ५०० स्कायलायनरमध्ये. पोलँची कल्पना अमेरिकन आकाराच्या गाडीवर, पूर्ण पत्र्याचं छप्पर, डिकीत जाणारं. छप्पर लांब, म्हणून पुढचा थोडा भाग बिजागरीवर दुमडायचा. कामाचा क्रम असा की, डिकीच्या कड्या सुटायच्या, झाकण मागे उघडायचं, छपराच्या कड्या सुटायच्या, छप्पर उचललं जायचं, पुढचा तुकडा वळायचा, सगळं आत जायचं आणि झाकण पुन्हा लागायचं. चाळीसेक सेकंदांचा खेळ. त्यामागे ३ मुख्य मोटरी, कड्यांसाठी ४ मोटरी, १० सोलेनॉइड, १० लिमिट स्विच, ८ सर्किट ब्रेकर आणि ६१० फूट तार! तेल नाही आणि संगणक तर नाहीच.

मग क्रम कोण राखायचं? तर ते लिमिट स्विच. प्रत्येक काम पुरं झालं की तिथला छोटा खटका दाबला जाई आणि तोच पुढच्या मोटरला वीज देई. म्हणजे शाळेतल्या कवायतीसारखं. पहिल्याने ‘झालं’ म्हटल्याशिवाय दुसरा हलणार नाही, दुसऱ्याने म्हटल्याशिवाय तिसरा नाही. आणि रांगेत एक पोरगं गप्प राहिलं की सगळी कवायत थांबली!

इथे निदानाचं शास्त्रच बदललं. प्लिमथमध्ये जोर गळत होता. स्कायलायनरमध्ये मोटरी धडधाकट, वीज भरपूर, तरी छप्पर अर्ध्यावर उभं, कारण एका खटक्याने साक्ष दिलेली नाही. म्हणून जुने जाणकार विचारत, ‘शेवटची कुठली हालचाल पुरी झाली?’ जिथे थांबलं, त्याच्या लगतच्या खटक्यापाशी जायचं. सगळी ६१० फूट तार चाचपायची गरज नाही.

स्कायलायनर तीनच वर्षं टिकली. १९५७ साली २०,७६६, मग १४,७१३ आणि १९५९ साली १२,९१५, एकूण ४८,३९४ गाड्या. छप्पर आत घेतलं की डिकीत सामानाला जेमतेम एका डब्याएवढी जागा. लोकांनी तोंडात बोट घातलं, पण खिशात हात कमी घातला.

पुढच्या काळात उघड्या गाडीचेच दिवस फिरले. गाड्यांत वातानुकूलन आलं, हमरस्त्यावर वेग वाढला, आणि गाडी उलटली तर काय, या सरकारी नियमांची धास्ती कंपन्यांनी घेतली. २१ एप्रिल १९७६ रोजी डेट्रॉइटमध्ये कॅडिलॅकची शेवटची एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाहेर पडली, अमेरिकेतली ‘शेवटची’ उघडी गाडी म्हणून गाजावाजा झाला. शेवटच्या दोनशे गाड्या एकसारख्या पांढऱ्या होत्या. लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून घेऊन झाकून ठेवल्या. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्यांत टप आतल्या बाजूला कात्रीसारखा मिटायचा आणि एकच मोटर दोन लवचीक तारांनी दोन्ही बाजूंची दातेरी चाकं फिरवायची. एका बाजूचे दाते गेले की टप वाकडा. पण झाकून ठेवलेल्या गाडीत हे कोणाला कळणार? इकडे १९८२ साली क्रायस्लरचे ली आयाकोका यांनी लबॅरन कन्व्हर्टिबल आणली, आणि १९८४ साली कॅडिलॅकनेही पुन्हा एल्डोराडो कन्व्हर्टिबल काढली. ‘शेवटची’ म्हणून घेतलेले काही लोक कोर्टात गेले! इतिहासात ‘शेवटचा’ हा शब्द जपून वापरावा, हे मी मुलांना सांगत असे. सुदैवाने माझ्यावर कोणी फिर्याद केली नाही.

नंतर संगणक आला. १९८९ सालच्या मर्सिडीज एसएलचा कापडी टप एका बटणावर, कड्या सोडण्यापासून झाकण लावण्यापर्यंत सगळं आपोआप करू लागला. १९९६ साली छोट्या एसएलकेने पत्र्याचं दुमडणारं छप्पर पंचवीस सेकंदांत डिकीत नेलं आणि २००० साली प्युजोने २०६ सीसी काढून आपल्याच दंतवैद्याची आठवण जागी केली. पुढची दहा-बारा वर्षं ही टूम जोरात होती.

या नव्या गाड्यांत खटके संगणकाला साक्ष देतात आणि संगणक निकाल देतो. शिवाय हालचाल सुरू व्हायच्या आधीच तो शंभर गोष्टी विचारतो. गाडी थांबलेली आहे ना? बॅटरी पुरेशी आहे ना? डिकी नीट लागली आहे ना? बाहेर फार थंडी नाही ना? आणि डिकीत छपराच्या जागेत सामान नाही ना? या शेवटच्या प्रश्नासाठी डिकीत एक आडवा पडदा असतो. तो ओढून कडीत अडकवला की त्याच्याखाली सामान आणि वर छपराची जागा. पडदा अडकवलेला आहे हे सांगायला कडीपाशी एक नखाएवढा खटका.

आता आमच्या घरची गोष्ट. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने अशीच पत्र्याच्या छपराची एक जुनी गाडी हौसेने घेतली. माझी ताई, त्याची आई, वय अठ्ठ्याहत्तर, सहा महिने त्याच्याकडे राहायला गेली होती. ऑक्टोबरात तिकडे झाडांची पानं लाल-पिवळी होतात, ती उघड्या गाडीतून दाखवायची असं त्याने कबूल केलं होतं. लहानपणी बोरीबंदराहून गिरगावात येताना ताई व्हिक्टोरियाचा टप पाडायला लावायची, आई रागवायची. तर ताईचं परतीचं तिकीट महिनाअखेरचं, पानं पिकलेली, आणि टप रुसलेला! बटण दाबलं की काहीच नाही. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितलं, ‘पंप गेला, अडीच हजार डॉलर, आणि भाग यायला तीन आठवडे.’

भाच्याचा रात्री फोन आला. ‘मामा, तू ते टपाचं सगळं वाचत असतोस ना? पंप असा एकदम जातो का रे?’

म्हटलं, ‘अरे, पंपाचा आवाज येतो का?’

‘नाही. एकदम शांत.’

‘आतला दिवा लाव आणि बटण दाब. दिवा मंद होतो का बघ.’

थोड्या वेळाने म्हणाला, ‘नाही होत. जरासुद्धा नाही.’

आता पंपाची मोटर ही भरपूर वीज खाणारी. ती अडकून बसली असती तर तिने वीज ओढली असती आणि दिवा क्षणभर तरी मंद झाला असता. इथे वीज तिच्यापर्यंत जातच नव्हती असं दिसत होतं. मोटर जळून तुटली असेल तरीही असंच होईल, म्हणून नुसत्या दिव्यावर पंपाला निर्दोष ठरवता येत नव्हतं. पण मग आधी फुकटच्या गोष्टी तपासाव्यात. फ्यूज पाहिला, चांगला. बॅटरी चांगली. मी म्हटलं, ‘आता गाडीचं पुस्तक काढ आणि टप उघडायच्या आधी काय काय हवं त्याची यादी वाच.’ तो एकेक वाचत गेला आणि एकेक पाहत गेला. पडदा? ‘अडकवलेला आहे, मामा.’

‘तुला दिसतोय की गाडीला दिसतोय?’

यावर तो जरा थांबला. पडद्याची प्लॅस्टिकची कडी वर्षानुवर्षं वापरून झिजली होती. अडकत होती, पण खटका पुरता दाबत नव्हती. त्याने जाड पुठ्ठ्याची एक घडी कडीखाली सरकवली, डिकी बंद केली, सगळे बाजूला उभे राहिले आणि भाचेसुनेने बटण दाबलं. पंप गुणगुणला. पलीकडून ताईचा आवाज आला, ‘अगं बाई, उघडला की!’

नवी कडी काही डॉलरांत मिळाली. ताईने पानं पाहिली, डोक्याला स्कार्फ बांधून. फोटो कुटुंबाच्या गटावर सगळ्यांनी पाहिला आहेच.

गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तेलाच्या जमान्याचं निदान होतं, टप हलत नाही म्हणजे जोर संपला. पण या काळातला टप बहुधा अशक्त नसतो, साशंक असतो. त्याला सगळं ठीक असल्याचा पुरावा हवा असतो आणि एक साक्षीदार गप्प राहिला तरी तो हात बांधून बसतो. तोही बिचारा बरोबरच वागतो म्हणा. पडदा खरोखरच वर असता आणि डिकीत बॅग असती, तर छपराची काच फुटली असती. आपण ज्याला बिघाड म्हणतो ती पुष्कळदा सावधगिरी असते.

मला यात आजच्या पुष्कळ गोष्टी दिसतात. बँकेत पैसे आहेत, माणूस समोर उभा आहे, पण अंगठा उमटत नाही म्हणून पेन्शन अडते. आमच्या वयाच्या लोकांची बोटं झिजलेली असतात, त्या कडीसारखीच. पैसे संपलेले नसतात, माणूस खोटा नसतो, फक्त साक्ष पोचत नाही. अशा वेळी खिडकीवरच्या माणसाने ‘तुमचं खातं बंद झालं’ असं सांगणं म्हणजे गाडी न उघडता पंप बदलायला सांगणं. साक्ष कुठे अडली हे शोधणारा माणूस भेटला तर पाच मिनिटांत काम होतं.

आता पुढचं थोडक्यात. पत्र्याच्या छपराची ती टूम ओसरली. ते जड, डिकी खाणारं, आणि खटक्यांनी भरलेलं. बीएमडब्ल्यूची झेड-४ २०१८ साली पुन्हा कापडी टपावर आली आणि २०२१ साली मर्सिडीजची एसएलही. नव्या कापडी टपात आवाज आणि थंडी अडवणारे थर असतात, त्यामुळे पत्र्याचा तो मोठा फायदा उरला नाही. आणि जपानच्या माझदाने १९८९ पासून आपल्या छोट्या एमएक्स-५ मध्ये हाताने उघडायचा कापडी टप ठेवला, तो आजही आहे. बसल्या जागेवरून एक कडी सोडायची आणि टप मागे ढकलायचा. थेट व्हिक्टोरियाचा गाडीवान!

ज्यांच्याकडे बटणाची गाडी आहे त्या परदेशातल्या मंडळींसाठी दोन शब्द. तेलावर चालणाऱ्या बहुतेक टपांत पंपापाशी एक स्क्रू किंवा झडप असते. ती सैल केली की दाब सुटतो आणि टप हाताने लावता येतो. ती कुठे आहे हे ऊन असतानाच पुस्तकात पाहून ठेवावं. दाब सुटल्यावर टप अंगावर पडू शकतो, म्हणून दुसरा माणूस धरायला हवा आणि बिजागऱ्यांच्या आसपास बोटं नेऊ नयेत. गॅरेजात गेलात तर ‘पंप बदला’ म्हणण्याआधी एवढंच विचारा, ‘बटण दाबल्यावर पंपाच्या तोंडाशी वीज येते का, ते मोजलंत?’ मोजलं असेल तर पैसे द्या. नसेल तर आधी मोजायला सांगा.

आणि आपल्या नात्यातल्या, मित्रांतल्या कोणाला व्हिक्टोरियाच्या किंवा टांग्याच्या टपाची बांधणी नीट आठवत असेल, कमानी किती, आच्छादन कसलं, कोण शिवायचं, तर जरूर लिहून कळवा. त्यावर लिहिलेलं फार कमी सापडतं, आणि ते हात आता थोडेच उरले आहेत.